ताई, हा आवाज ठेवू का पुसू?

अलकाताई, तुमी असत्या तं मी पहिले हेच विचारलं असतं, का आवाज राह्यते कुठी? फोनमंधी, म्हणाल. फोनमंधी कुठी पण? मी फोन कानापाशी धरून हालवून पाह्यला, भरेल असला का जड लागते काय म्हणून तळहातावर तोलून पाह्यला, तं आरूचे पप्पा म्हणे, "पपई हाय काय ते?" तुमी हासल्या नसत्या. तुमी चष्मा डोक्यावर सरकवला असता आन म्हटलं असतं, "बस गं, चांगला प्रश्न आहे." माह्या कोणत्याच प्रश्नाले शाळेत कोणं चांगला म्हटलं नवतं, म्हणून मले तुमची सवय लागली.

मी हे लिहून नाई राह्यली ताई, बोलून राह्यली. मोठे सर म्हणे, अलकाताईंच्या आठवणीची पुस्तिका काढतो, लायब्ररीतले सारे लिहितात, तूही लिही. मी म्हटलं, सर, माहं नववीपर्यंत झालं, तेही नववी अर्धी. सर म्हणे, मग फोनमध्ये बोल, फोन लिहितो. तं मी बोलतो आन हा फोन कसा हाय, मी "मले" म्हटलं का तो "मला" लिहिते. मी मांगं जातो, "मले" करतो, पुढं येतो, तवरक काय बोलाचं होतं तेच इसरतो. आरू मांडीवर हाय, ती मधातच बोट मारते. कुठी काई उलटंसुलटं आलं तं तिचं समजा.

मले भेव लागलं होतं ताई. तुमचा एक आवाज माह्यापाशी होता. तो सरांले पाह्यजे होता, लायब्ररीत कायमचा ठेवाले. तो द्याचा का नाई द्याचा, ठेवाचा का पुसाचा, हे तुमालेच विचाराचं होतं. आन तुमीच नाई.

पहिल्यापासून सांगतो, नाईतं हे वाचणाऱ्याले काई समजणार नाई.

मी लायब्ररीत पुस्तकाची धूळ झाडाले लागली तवा आरू पोटात होती. तुमी मले शिडीवर चढू देत नवत्या. "तू खालचे खण कर, वरचे मी पाहते." मंग साऱ्यात खालची ती खोली आली, पायऱ्या उतरून जाची. तिथी खोक्यात कॅसेटी. जुन्या काळच्या सरलोकांनी गावोगाव फिरून भरेल. कोलामाच्या पोडावरचे, म्हणजे त्याईच्या वस्तीवरचे गाणे, तांड्यावरचं लग्न, आन कुठी काईच नाई, नुसत्या बाया कापूस वेचता वेचता आपल्या बोलीत बोलून राह्यल्या. तुमी एक लावली होती. कोणती तरी बाई, मेली पण असन आता, तिच्या सुनेचं सांगून राह्यली, सांगता सांगता मधातच ओरडते, "अवं, दूध उतू जाते ना!" आन टेप खलास.

मी विचारलं, "मंग? दूध गेलं का राह्यलं?"

तुमी म्हटलं, "ते टेपमध्ये नाही गं."

मले दिवसभर तेच. कामात, एसटीत, भाकरी थापताना. कोणाचं दूध, कोण धावलं, का कोणीच नाई धावलं. दुसऱ्या दिवशी मी तुमाले म्हटलं का ताई, मले झोप नाई लागली, तं तुमी एवढ्या खूश झाल्या जशी मी परीक्षा पास झाली. "हेच," तुमी म्हणे. "यासाठीच ठेवायचं."

आन मंग ती योजना. युनिव्हर्सिटीतून सांगतलं होतं का लायब्ररीत कॉम्प्युटरमंधी जे जे हाय, पोरांचे पीएचडीचे प्रबंध, जुने फोटो, आन ह्या कॅसेटी कॉम्प्युटरमंधी चढवल्यावर त्या, ते सारं पुढं पन्नास वर्ष, शंभर वर्ष कसं टिकन याची योजना करून कमिटीले द्या. ते काम तुमच्याकडे. तुमी मले म्हटलं, "शीतल, मी एक योजना करतेय." मी म्हटलं, "ताई, फॉर्म कधी सुटणार हायेत? आमचं घरकुलाचंही राह्यलं." तुमी टेबलावर डोकं टेकवून हासल्या. कॉम्प्युटरवाला बाबू पाहाले आला का काय झालं म्हणून. मले काय माहीत, आमच्याकडे योजना म्हटलं का तहसीलीत लाइन लावाची असते.

तुमी मले समजावून सांगे, पण शाळेतल्या बाईसारखं नाई, सोबतीणीसारखं. "हे बघ, ठेवणं म्हणजे कपाटात टाकणं नाही. ठेवणं म्हणजे पाहत राहणं. सीडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली सरांकडे दिली. दहा वर्षांनी काढली तर सीडी कोरी. मग आपण काय जपलं? कुलूप जपलं." मी म्हटलं, "मंग कसं जपाचं?" तुमी सांगतलं, एका जागी ठेवाचं नाई. तीन जागी ठेवाचं, त्यातली एक जागा दूरच्या गावची, म्हणजे इथी आग लागली, पानी घुसलं, तरी तिथी राह्यते. आन दरसाल उघडून पाहाचं का जसं ठेवलं तसंच हाय काय. कॉम्प्युटर फाईलीचा एक आकडा काढून देते म्हणे, आत एक अक्षर जरी हाललं तरी आकडा बदलते. मी म्हटलं, "जसं लेकराचं वजन?" तुमी म्हटलं, "तसंच. फक्त वाढलं तरी काळजी, घटलं तरी काळजी."

आन फॉरमॅट. ह्या शब्दानं मले मंग मारलं, ते पुढं सांगतो. तुमी म्हणे, "फाईल ज्या रूपात असते त्याला फॉरमॅट म्हणतात. रूप जुनं झालं की नवीन कॉम्प्युटरला ती उघडता येत नाही. म्हणून वेळोवेळी फॉरमॅट बदलायचा. दह्यासारखं. दही कोणी वर्षभर ठेवत नाही, विरजण लावत राहतात."

मी म्हटलं, "पण ताई, विरजण लावलं का ते दही नवं असते. कालचं तं खाल्लं आपण. मंग ठेवलं काय?"

तुमी चष्मा काढला. मंग म्हणे, "हा प्रश्न कमिटीसमोर विचारू नको हं, बये." आन तवापासून योजनेत ते आलं, का रूप बदललं तरी पहिलं रूप फेकाचं नाई, तेही बाजूले ठेवाचं. मूळ कधी कापाचं नाई, कापाची तं नक्कल. हे तुमी मले वाचून दाखवलं होतं. मले वाटलं माहा प्रश्न छापून आला.

आरूचे दात निघाले तवा तिले ताप येत जात होता, मी घरीच. तुमी फोनवर आवाज पाठवाले लागल्या. "तू घरी बसल्या बसल्या ऐक. मी एकेक भाग बोलते, नंतर टाइप करीन. जिथं तुला समजलं नाही तिथं सांग. तुला समजलं तर कमिटीला समजेल."

मी उलटा आवाज पाठवला, "आन मले समजलं, त्याईले नाई समजलं तं?"

"तर त्यांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवीन."

तुमच्या त्या आवाजात काय काय होतं ताई. कुकरच्या शिट्ट्या. तुमच्या वैनी मांगून ओरडे, "अलकाबाई, चहा गार होऊन राह्यला, त्या मोबाईललेच पाजा आता." आन तुमचं ते हळू हळू बोलणं, जसं कोणाले झोप येऊन राह्यली आन त्याची झोप मोडाची नाई. आरूले तेच आवडे. रडून रडून लाल झाली का मी फोन लावून देऊ. "मेटाडेटा" म्हटलं का हिचे डोळे मिटे. काय तो शब्द हाय, फाईलीच्या अंगावरची चिठ्ठी म्हणाना, कोणाचा आवाज, कुठला, कधीचा. आरूले त्याचं काय, तिले अंगाई झाली ती. म्हणून सोयाबीनच्या दिवसात मी तिले आर्णीले आईपाशी ठेवली तवा तुमचे सारे आवाज आईच्या फोनवरही पाठवले. आई म्हणे, "हे काय भाषण हाय वं?" मी म्हटलं, "लाव तू, पोट्टी झोपते."

आन त्यातच एक आवाज असा होता का तो झोपवाचा नवता. त्याच्यात पहिले तुमी योजनेचं बोलल्या, का हे सारं ठेवलं, पण पाहणार कोण, एक माणूस जाईन तं दुसरा कोण घेईन, हा भाग साऱ्यात मोठा हाय म्हणे. आन ते सांगता सांगता तुमी दुसरंच बोलाले लागल्या. आन मंग रडल्या. काय बोलल्या ते मी इथी सांगत नाई. हे पुस्तिकेत छापणार हाय. मी तुमाले तवाच फोन केला, तं तुमी एकदम नेहमीसारख्या, "अगं, ते चुकून गेलं. त्यातलं कामाचं तेवढं घे." पुसून टाक म्हटलं नाई. ठेव पण म्हटलं नाई. आपलं दोघींचं त्यावर बोलणंच नाई झालं.

दुसरं एक बोलणं तं चालूच होतं. काय टाकाचं, यावर. मी म्हणू, सारं कायले ठेवाचं? आमच्याकडे माणूस गेलं का त्याचे कपडे कोणाले तरी देऊन टाकते, वाकळ नदीवर नेते. सारंच ठेवलं तं जिवंत माणसानं बसाचं कुठी? तुमी म्हणे, "तू जेव्हा एखादी गोष्ट टाकतेस ना, तेव्हा पुढच्या माणसाचा प्रश्न टाकतेस. त्या बाईचं दूध कोणी टाकलं असतं तर तुला झोप लागली असती, पण प्रश्न पडला नसता." मी म्हटलं, "आन ज्याचं हाय त्याले लाज वाटत असन तं? त्या सुनेनं नाई म्हटलं असतं तं? सासू माही गाऱ्हाणी सांगून राह्यली, युनिव्हर्सिटीत शंभर वर्ष ठेवा, असं कोण म्हणन?" तुमी म्हटलं, "उद्या बोलू."

त्या उद्याले मी लायब्ररीत गेली तं सारे बाहेर उभे होते आन कोणी आत जाऊन नाई राह्यलं. बाबूनं सांगतलं. मले पहिले समजलंच नाई, मी म्हटलं, "काहून, ताई तं आज काय टाकाचं ते सांगणार होत्या." बाबू माह्याकडे पाहत राह्यला. एवढंच. बाकीचं तुमाले माहीत हाय. का नाई माहीत? हेही विचाराचं होतं.

मंग काई दिवसानं सर मले म्हणे, "शीतल, ताईंची योजना कॉम्प्युटरवर अर्धीच सापडते. पुढचा भाग टाइपच नाही. कमिटी बसणार आहे. योजना दिली नाही तर खालची खोली कॅमेऱ्यांच्या टीव्हीसाठी जाते. खोकी गोदामात हलवतील." मले तुमचा चेहरा दिसला. गोदाम म्हणजे काय ते तुमीच सांगतलतं, का रद्दीवाला तरी वाचून पाह्यते, गोदाम वाचत नाई.

मी म्हटलं, "सर, ताई बोलून ठेवून गेल्या. माह्या फोनमंधी हाय." सर उभेच राह्यले.

पण माहा फोन म्हणजे तुमाले माहीतच हाय. जागा भरली, जागा भरली, रोज तेच. आवाज लावला का गोल गोल फिरे आन बंद पडे. तं मी बसस्टँडपाशी मोबाईलवाल्या काकाजीच्या दुकानात गेली. आरू काखेत, पानी येते का काय असं वातावरण, मले घाई. मी म्हटलं, "काकाजी, हे उघडत नाई. फॉरमॅट जुना झाला असन. फॉरमॅट बदलून द्या." मी ते मोठ्या तोऱ्यात म्हटलं ताई, तुमचा शब्द होता ना.

काकाजी म्हणे, "फॉरमॅट माराचा?"

मी म्हटलं, "हाव."

"सारं?"

"सारंच. एकही सोडू नका."

तो म्हणे, "भल्ली हिंमतीची हाय बापा." मले वाटलं कौतुक करून राह्यला. आरू तिथल्या कव्हराच्या माळीले झोंबून राह्यली होती, मी तिले पाहत राह्यली. आन त्यानं फोन हातात देल्ला, "घ्या वैनी, नवा कोरा. जसा डब्यातून काढला."

मी उघडला. कोरा. आरूचे फोटो नाई, आईचे नाई, तुमी नाई.

ताई, तुमच्या लायब्ररीत फॉरमॅट बदलला का गोष्ट जगते आन बसस्टँडवर फॉरमॅट मारला का मरते. एकाच गावात एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कोणं करून ठेवले? मी तिथीच फतकल मारून बसली. काकाजी घाबरला, पानी आणलं, म्हणे, "वैनी, मी दोनदा विचारलं तुमाले!" खरंच विचारलं होतं त्यानं.

घरी आरूचे पप्पा म्हणे, "तुले कोणं सांगतलतं फॉरमॅट माराले?" मी म्हटलं, "ताईनं." ते म्हणे, "आता ताईच्याच अंगावर ढकलते." मंग त्याईनंच आरूले घेतलं, पाठीवर हात ठेवला, म्हणे, "रडू नोको. कोणाले पाठवलेलं हाय काय कुठी?" आन मले आई आठवली.

आर्णीची बस कशी धरली ते मले सांगता येत नाई. मनात एकच, आई रोज फोन साफ करते. सकाळचे फुलं, देवाचे फोटो, सारं पुसते. शेजारणीनं तिले शिकवलं, फोन हलका राह्यते म्हणे. तिनं पुसलं असन. मी घरात पाय ठेवला आन नमस्कार नाई, पानी नाई, "आई, ताईचे आवाज?"

आई तूर पाखडून राह्यली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "त्या बाईचे? हायेत ना. ते कायले पुसू मी?"

"तू तं सारं पुसते."

"फुलं पुसतो. माणूस बोलून राह्यलं तं कसं पुसाचं?" मंग म्हणे, "मी आयकतो ना रोज. तूर पाखडता पाखडता. तीन जागी ठेवा म्हणते, चांगली बाई हाय. आपणही बियाणं ठेवतोच ना, थोडं भावाकडे, थोडं इथी."

मी खाली बसली आन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. सारे आवाज होते ताई. एक एक. तोही.

मी विचारलं, "तो पण आयकला?"

आईले समजलं कोणता. म्हणे, "त्या दिवशी मी जेवलीच नाई."

"पुसाचा काय आई तो? कोणाले सांगाचं नाई, दोघी पुसून टाकू."

आई तुरीतले खडे निवडाले लागली. म्हणे, "पुस म्हणशीन तं पुसतो. पण पोरी, फोनातून पुसन. माह्या कानातून कसा पुसू?"

मंग सरांच्या खोलीत सारे बसले. सर, बाबू, अजून एक मॅडम, कमिटीच्या. आईच्या फोनातले आवाज बाबूनं कॉम्प्युटरमंधी घेतले, मीच म्हटलं तीन जागी घ्या पहिले, मंग लावा. लावले. तुमी बोलाले लागल्या. कुकर, वैनी, चहा, सारं. कोणी हालत नाई. आन मंग तो भाग आला, "काही लोकांना वाटतं जपणं म्हणजे कुलूप. आपल्याकडे तर अख्खं एक कुलूप खुर्चीवर बसलंय." मले तं घाम फुटला. मॅडम खिडकीकडे पाहाले लागल्या. सर म्हणे, "हे कोणाबद्दल आहे?"

मी म्हटलं, "कुलपाबद्दल, सर."

सरांचे खांदे हालाले लागले. हासत होते का काय ते मी नाई पाह्यलं. म्हणे, "असू द्या. हेही असू द्या. कापू नका."

पण पाहणार कोण, हा भाग आलाच नाई, कारण तो त्या आवाजात होता आन तो मी देल्ला नवता. सर म्हणे, "इथं काहीतरी राहिलंय. ताई म्हणतात पुढच्या भागात सांगते, आणि पुढचा भाग नाही." मी म्हटलं, "हाय सर. पण त्याच्यात त्या रडल्या." सर म्हणे, "मग कामाचं तेवढं कापून घेऊ." आन बाबूनंच आठवण देल्ली का ताईच म्हणते मूळ कापाचं नाई. नक्कल कापाल, पण मूळ कुठी तरी राहीनच, त्याचं काय?

मी घरी आली. आजवर मीच म्हणत आली का ज्याचं हाय त्याले विचारा, त्याची लाज राखा. आता ज्याचं हाय ते माणूसच नाई. तुमच्या भावाकडे गेली. दादा म्हणे, "तिनं मला नाही पाठवला तो, तुला पाठवला. मी ऐकणार नाही. तू ठरव." मी ठरवू? मी ताई? मले राशनकार्डावर सही कराले हात कापते. मी पुसलं तं तुमची योजना लंगडी, तुमी म्हणाल पुढच्या माणसाचा प्रश्न टाकला. ठेवलं तं पन्नास वर्षानं कोणी पोट्टी कानाले लावून आयकन आन विचारन, ही बाई काहून रडली असन? मंग काय झालं? जसं मी त्या दुधाले विचारलं तसं. ती वाईट नसन, मीही वाईट नवती. पण तुमी दूध नाई ना.

आन मले दुसरंही वाटलं, खरं सांगतो. मले वाटलं, तो आवाज मीच ठेवतो. कोणाले देत नाई. जवा तुमची आठवण येईन तवा लावीन, कारण बाकीच्या आवाजात तुमी साऱ्याईच्या हायेत, त्या एकात तुमी फक्त मले बोलल्या. मी तो दोनदा लावला. दुसऱ्यांदा आरू उठली आन फोनकडे हात करून "आ, आ" कराले लागली, तिले तुमी ओळखू येता. मी फोन पदराखाली घेतला, जसं काई ती तुमाले रडताना पाहीन.

तवा मले वाटलं का ते माहंही नाई.

दुसऱ्या दिवशी सरांनी तुमची टाइप केलेली पानं काढली. म्हणे, "बघ, ताईंनी इथं एक ओळ लिहून ठेवली आहे. ठेवायचं, पण बंद. काही गोष्टी जपायच्या आणि उघडायच्या नाहीत. ज्याला उघडायचं असेल त्यानं एका माणसाला विचारायचं. त्या माणसाचं नाव आधी लिहून ठेवायचं." मले तुमचा राग आला ताई. एवढं लिहून ठेवलं, आन माह्यासंग "उद्या बोलू" म्हणून भांडत राह्यल्या! का माहं आयकूनच लिहिलं? हे मले कोण सांगन आता?

तं असं ठरलं. पाहणार कोण तो भाग नक्कल करून कापला, तो योजनेत गेला, योजना कमिटीत गेली, मॅडमनं होकार देल्ला, खोली राह्यली. दरसाल उघडून पाहाचं, एक माणूस जाचा असन तं त्यानं दुसऱ्याले संग बसवून दाखवाचं, मंगच जाचं, असं तुमी त्यात बोललेलं हाय. तुमाले तेवढा वेळ भेटला नाई. आन मूळ आवाज, सारा, रडण्यासकट, तीन जागी, बंद.

बाबूनं विचारलं, "कोणाला विचारायचं? नाव काय टाकू?"

सर माह्याकडे पाहाले लागले. मी दाराकडे पाहाले लागली. आरू काखेत, तिच्या नाकातून पानी, मले पदर भेटेना. मी म्हटलं, "दादाचं टाका." सर म्हणे, "ते नाही म्हणाले." मी म्हटलं, "तुमचं टाका." सर म्हणे, "मी कुलूप आहे." आन कोणीच हासलं नाई.

मी म्हटलं, "टाका माहं."

बाबू म्हणे, "पद?"

तिथी पद टाका लागते म्हणे. सफाई टाकू का? सर म्हणे नको. मॅडम म्हणे, संबंध काय तुमचा? बहीण? विद्यार्थिनी? मी विचार केला ताई. बहीण नाई. विद्यार्थिनी तं नाईच, नववी अर्धी. मी म्हटलं, "आयकणारी." बाबूनं माह्याकडे पाह्यलं, आन टाकलं.

पण बंद म्हणजे बंद. आईच्या फोनात तो उघडाच होता, आन माह्यातही मी परत घेतला होता. आईले फोन केला. आई म्हणे, "पुसतो. पण तू लाइनवर राह्य." ती पुसेपर्यंत मी लाइनवर राह्यली, तिचा श्वास आयकू आला, मंग म्हणे, "गेला." मंग माहा. फोननं विचारलं, नक्की? माह्या हातून होईना. आरूच्याच बोटानं दाबू का असंही वाटलं, पण तिचं नाव कायले घ्याचं, मीच दाबलं.

आता तुमचा तो आवाज मले आयकाचा असन तं मले अर्ज करा लागते. अर्ज माह्यापाशीच येईन. आज सकाळी तुमची लय आठवण आली, म्हणून विचारून पाह्यलं मी मले.

नाई म्हटलं.